हर्षालीचा गुरुवार

दर सोमवारी पहिल्या तासाला, फळ्यावर तारीख लिहायच्या आधी, मी नववी 'ब'ला एकच प्रश्न विचारते : "काल काय केलंत?" हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही. गणिताशी त्याचा काही संबंध नाही. पण मला चौकशा करायची खोडच आहे. शेजारी पाहुणे आले तर ते कुठले, कोणाचे कोण आणि किती दिवस मुक्काम, हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. इथे तर वर्गभर मुलं समोर बसलेली, आणि प्रत्येकाचा एक अख्खा रविवार मला ठाऊक नसलेला. कसं राहवणार?

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. रोहितचा रविवार ठरलेला : सकाळी वडिलांबरोबर मिसळ, मग झोप, मग मोबाइल, मोबाइलवरून बोलणी, आणि बोलणी खाऊन पुन्हा झोप. आयुषला क्लासची चाचणी असते. तो एकदा तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, रविवार म्हणजे युनिफॉर्म नसलेला सोमवार." संजना घरची धुणी धुते आणि दोन भावांना सांभाळते. तिचं म्हणणं, "त्यापेक्षा शाळा बरी. इथं निदान बसायला मिळतं."

शाळा आवडते का, असं मी कधी विचारत नाही. विचारलं की सगळे एका सुरात "हो बाऽई" म्हणतात आणि त्या 'हो'ला काडीचा अर्थ नसतो. रविवारचं विचारलं की शाळेविषयीचं खरं आपोआप बाहेर येतं.

हर्षालीचं उत्तर मात्र दर सोमवारी तेच. "गावाला गेले होते, सायखेड्याला."

"काय केलंस?"

"कांदे लावले."

त्याआधीच्या महिन्यात "तण निंदायला गेले" असायचं, त्याआधी "टोमॅटो तोडले." तिची आई आणि अंथरुणाला खिळलेली आजी सायखेड्याला असतात. घरची थोडी जमीन आई एकटी बघते. हर्षाली इथे नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत, वडिलांबरोबर एका खोलीत राहते. वडील सिन्नरकडच्या कारखान्यात कामाला, कंपनीची बस द्वारकेवरून सुटते, आणि शाळाही जवळ. म्हणून ही वाटणी. रविवारी सकाळी ती जीपने आईकडे जाते आणि संध्याकाळी परत येते. सोमवारी तिच्या नखांत माती असते आणि ती हात बाकाखाली धरून बसते.

मुलगी उंच, काटकुळी, बोलायला कंजूष. गणितात बरी. पण खो-खोच्या मैदानावर तिला पाहावं. आमचे खेळाचे शिक्षक राकेश सर कोणाचं कौतुक करतील तर शपथ, तेसुद्धा एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "ही पोरगी खांबावर सूर मारते तेव्हा मला भीती वाटते. खांबाची."

अशी ही हर्षाली गुरुवारी शाळेत नसायची.

सुरुवातीला माझ्या लक्षात आलं नाही. एखादा दिवस मुलं बुडवतातच. पण पावसाळ्यात कधीतरी जाणवलं, की खिडकीच्या विरुद्ध बाजूचं तिसऱ्या बाकावरचं एक टोक दर गुरुवारी रिकामं असतं. विचारलं तर "पोटात दुखत होतं." पुढच्या शुक्रवारी "डोकं." त्यापुढच्या शुक्रवारी पुन्हा पोट. गुरुवारचं वेळापत्रक बघून दुखणारं पोट मी तोवर पाहिलं नव्हतं.

वर्गाकडे अंदाजांना तोटा नव्हता. "गुरुवारचा उपवास करते, चक्कर येते," हे रोहितचं. "दुसरीकडे क्लास लावलाय, सांगत नाही," हे आयुषचं, कारण त्याला जगातल्या सगळ्या दुःखामागे क्लासच दिसतो. संजना काहीच बोलली नाही, म्हणजे तिला काहीतरी माहीत असावं. मी वडिलांना फोन लावला. लागेना. कारखान्यात शिरताना फोन गेटवर जमा करून घेतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मात्र मी मनाशी एक मत करून टाकलं. हा गृहस्थ पालकसभेला कधी येत नाही, फोन उचलत नाही, पोरीला गुरुवारी घरी ठेवून बहुतेक कामाला जुंपतो. अशा बापांची मला मनस्वी चीड आहे. पालकसभा आम्ही रविवारी ठेवतो, का तर रविवारी सगळ्यांना सुट्टी असते. एवढी सोय करूनही ज्याला यावंसं वाटत नाही, त्याला काय म्हणायचं?

दिवाळीची सुट्टी संपली आणि जिल्ह्याच्या खो-खो स्पर्धा जवळ आल्या. मैदान आम्ही आणि शेजारची शाळा वाटून घेतो, अख्खं आमच्या वाट्याला येतं ते फक्त गुरुवारी दुपारी. राकेश सरांनी सांगून टाकलं, "पुढच्या गुरुवारी निवड. त्या दिवशी जी मैदानावर नाही, ती संघात नाही. मग ती कोणी का असेना." हे म्हणताना ते हर्षालीकडे बघत होते. ती खाली बघत होती.

निवडीच्या आधीचा गुरुवार आला. आमची शाळा दुपारची, बाराला भरते. मी दहाच्या सुमारासच रिक्षा करून द्वारकेला गेले. आज हिला सोबत घेऊनच शाळेत जायचं आणि बापाला चार शब्द सुनावायचे, असा बेत होता. चार शब्द मी रिक्षातच जुळवून ठेवले होते.

खोली पहिल्या मजल्यावर, लोखंडी जिन्याने वर. जिना वाजला आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत हर्षाली बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, हळू," ती कुजबुजली. "बाबा झोपलेत."

मला शाळेत कोणी असं गप्प केलेलं नाही. मुख्याध्यापकांनीसुद्धा नाही. पण मी गप्प झाले. दारातून आत दिसत होतं. भिंतीकडे तोंड करून, अंगावर पातळ चादर घेऊन एक माणूस गाढ झोपला होता. त्याच्या पायथ्याशी हर्षालीची वही उघडी पडली होती. ती तिथेच बसून माझाच गृहपाठ करत होती.

"शाळेत का येत नाहीस?" मीही कुजबुजले. कुजबुजत रागावणं फार अवघड असतं.

"आज बाबांची सुट्टी असते."

"मग?"

"ते पहाटे जातात, मी उठायच्या आत. रात्री येतात, जेवतात, बसल्याबसल्या झोपतात. रविवारी मी आईकडे. आज एकच दिवस..."

"पण ते तर झोपलेत!"

"हो," ती म्हणाली. "पण अकरा-साडेअकराला उठतात ना. उठल्यावर घरात कोणी पाहिजे."

"आणि मग दिवसभर काय करता?"

तिने विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "ते भाकरी टाकतात, मी भाजी करते. मग बाजारात जाऊन येतो. परत आलो की ते पुन्हा झोपतात."

इतकंच! मी काय काय कल्पना केल्या होत्या. आता सुनावायचं कोणाला, ते कळेना. तेवढ्यात आतून चादर हलली. आमच्या कुजबुजीनेच बहुधा, पण गोरक्षभाऊ, म्हणजे तिचे वडील, उठून बसले होते. मला बघून ते गडबडीने उभे राहिले, चादर गोळा केली आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची हाताने पुसून पुढे केली.

"या, या बाई. हर्षे, च्या ठेव." मग माझ्याकडे बघून मोकळं हसले. "बरं झालं, आज आल्या. तुमालाबी आज सुट्टीच आसंल ना?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मागे, गॅसपाशी, हातात पातेलं घेऊन हर्षाली उभी होती. तिने मान हलवली नाही, डोळे मिचकावले नाहीत. नुसती बघत होती.

"लय चांगलं केलं तुमच्या शाळेनं," ते सांगू लागले. "पैल्या कंपनीत मला रविवारी सुट्टी व्हती. आता ही नवी कंपनी, तिकडं गुरुवारी बंद. समदी लाइनच बंद ऱ्हाती, च्याची टपरीबी उघडत नाय. इजेचा तुटवडा, म्हनून कंपन्यांला सुट्ट्या वाटून दिल्यात म्हनं. मी म्हनलं, झालं आता, पोरीची न् माझी चुकामूक. तर आठ दिसांनी ही सांगती, बाबा, आमच्या शाळेचीबी सुट्टी बदलली, गुरुवार केला. म्हनलं, वा! शाळेलाबी आमचं कळायला लागलं."

आता मला कोडं उलगडलं. ज्या माणसाची सुट्टी एका सकाळी गेटवर चिकटवलेल्या कागदाने बदलते, त्याला शाळेचीही तशीच बदलली असेल यात काय नवल वाटणार? रविवारी तो कामावर. रविवारी शाळा लवकर सुटते आणि मग हर्षाली गावाला जाते, असं त्याने धरून चाललेलं. आणि आमची पालकसभा रविवारी. सगळ्यांच्या सोयीची.

मी चहा घेतला. साखर जास्त होती. सांगावं की न सांगावं, या विचारात मी हवेवर बोलले, कांद्याच्या रोपांवर बोलले आणि निघाले. हर्षाली जिना उतरून कोपऱ्यापर्यंत आली.

"पुढच्या गुरुवारी निवड आहे," मी म्हटलं. "तुला संघात यायचंय का नाही?"

"यायचंय." मग एकदम तिचे डोळे भरले. "बाई, मला खूप यायचंय. पण सांगितलं तर ते गुरुवारी मला घरी थांबूच देणार नाहीत. मला दोन्ही पाहिजे."

दोन्ही कसं मिळणार, हे गणित मला येत नव्हतं. "तुझं तू ठरव," एवढंच म्हणून मी रिक्षात बसले. शाळेत पोचेपर्यंत स्वतःवरच चिडत राहिले.

पुढचा गुरुवार उजाडला. त्या आठवड्यात मला स्वतःच्या घरातलंसुद्धा काही सुचलं नाही, इतकी मला उत्सुकता. घंटा झाली, प्रार्थना झाली, आणि तिसऱ्या बाकाचं टोक रिकामं नव्हतं! गुरुवारी हर्षालीला बघून वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"घरी काय सांगितलंस?" मी जाता जाता विचारलं.

"खरंच सांगितलं. मैदानावर खो-खोची निवड आहे म्हणून." ती थोडी हसली. "सुट्टीच्या दिवशी ठेवलीय, असं त्यांना वाटलं."

दुपारी मैदानावर शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा मी वरच्या मजल्यावर आठवीचा तास घेत होते. खिडकीतून फाटक दिसतं. फाटकापाशी एक माणूस येऊन थांबला. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, भांग पाडलेला. पोरीचा खेळ बघायला आलेले गोरक्षभाऊ होते ते. पण ते आत येईनात. चारी बाजूंनी वर्ग भरलेले, कुठे पाढे, कुठे कविता, व्हरांड्यातून खडू आणायला पळणारी मुलं. ते या खिडकीकडून त्या खिडकीकडे बघत होते. मी आठवीला उदाहरण घालून खाली धावले.

"बाई," ते म्हणाले, "आज गुरुवारच ना?"

"हो."

"मंग शाळा..."

मी बोलायची गरजच नव्हती, वरून माझी आठवी बोलतच होती.

"दर गुरुवारी भरती?"

"भरते."

ते फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसले. पिशवी मांडीवर घेतली. आता हा माणूस भडकणार, मैदानात जाऊन पोरीला ओढून नेणार, असं मला वाटलं. पण ते नुसते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"मी उठायच्या टायमाला ती बसेल आसायची," ते म्हणाले. "माझ्या पायाशी. मला वाटायचं, सुट्टी हाय, बसली. आन् मी झोपून काढायचो बाई दिवस. तिची शाळा बुडवून मी झोपत व्हतो."

मैदानावर आरडाओरडा झाला. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. हर्षालीने खांबावर सूर मारला होता आणि समोरची मुलगी बाद झाली होती. धुळीतून उठताना ती हसत होती. गोरक्षभाऊ उभे राहिले, फाटकाचे गज धरले आणि निवड संपेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. राकेश सरांनी नावं वाचली, त्यात तिचं पहिलं होतं.

"चला, भेटा तिला," मी म्हटलं.

"नको." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. आत डबा होता. "सकाळी न खाता आली ती. तुमी दिला म्हना. मी आलतो हे नका सांगू. आता घरी जाऊन पडतो, म्हंजे ती येईल तवा..." ते थांबले, हात जोडले आणि गेले.

डबा मी हर्षालीला दिला. तिने तो उघडून भाकरीकडे पाहिलं. वडिलांच्या हातची भाकरी तिला ओळखता येत असेल, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. तिने सगळं खाल्लं.

त्यानंतरच्या गुरुवारी ती शाळेत होती. आणि त्याच्या पुढच्याही.

मला राहवलं नाही. "काय गं, गुरुवारचं काय झालं?"

"बाबांची सुट्टी गेली," ती म्हणाली. "काम वाढलंय म्हणे. आता गुरुवारीपण पहाटेच जातात, डबा घेऊन."

मला वाईट वाटलं. कंपन्यांच्या नावाने मी स्टाफरूममध्ये बराच वेळ बोटं मोडली. त्याच दिवशी हर्षालीने जागा बदलून मागितली. तिसऱ्या बाकावर फळा चमकतो, खिडकीपाशी बसते, म्हणाली. फळा खिडकीपाशीच जास्त चमकतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण मी बसू दिलं. संजना सरकली आणि तिने जागा करून दिली.

मग एका गुरुवारी मधल्या सुट्टीत मी सहज मैदानाच्या टोकाला गेले. तिकडे कुंपणाला लागून कडुनिंब आहे. त्याखाली, पलीकडच्या बाजूला, डब्याची पिशवी उशाला घेऊन कोणीतरी आडवं झालं होतं. माझ्या चपलांचा आवाज ऐकून ते गडबडीने उठून बसले.

"गोरक्षभाऊ? कामावर नाही गेलात?"

ते ओशाळले. "आज सुट्टीच हाय, बाई. ती कुठं जाती? पन मी घरी दिसलो का पोरगी घरी थांबती. म्हनून सकाळीच डबा घेऊन निघायचं. आधी द्वारकेलाच बसायचो, पन तिथं गाड्यांचा लय कालवा. हितं सावली चांगली हाय. आन् चारच्या पुढं खो-खो दिसतो."

"अहो, पण झोप? आठवड्याची एकच झोप तुमची."

"हुती की हितं. पोरांचा आवाज येत ऱ्हातो, त्यात लागती." मग हळूच म्हणाले, "तिला नका सांगू हं."

मी नाही सांगितलं. पोट फुटायची वेळ आली, तरी नाही सांगितलं.

मधली सुट्टी संपली. पुढचा तास नववी 'ब'चा. विस्तारसूत्रं पाठ नव्हती म्हणून मी सगळ्यांना उभं केलं आणि एका सुरात म्हणायला लावली. पन्नास गळे, आणि रोहितचा त्यात सगळ्यात मोठा, कारण त्याला सूत्र येत नव्हतं. भिंती हलत होत्या.

हर्षाली खिडकीपाशी उभी होती. ती म्हणत नव्हती. ती बाहेर बघत होती, मैदानाच्या टोकाला, कडुनिंबाकडे. मी तिला हटकणार, तेवढ्यात तिने हात लांब करून खिडकीचं एक दार ओढून घेतलं, मग दुसरं. आवाज होऊ नये म्हणून शेवटी बोट मध्ये धरून हळूच लावलं. आणि माझ्याकडे वळली.

"बाई," ती म्हणाली, "जरा हळू म्हणायला सांगा ना सगळ्यांना."

मी का ते विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नाही. फळ्यावरचं सूत्र पुसलं, पुन्हा लिहिलं आणि ओठांवर बोट ठेवून वर्गाला खूण केली. त्या दिवशी नववी 'ब'ने उरलेली सगळी सूत्रं कुजबुजत म्हटली.